यंदा बावन्न

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आपल्याकडे दोन गोष्टींना ऊत येतो, हुरडा पार्ट्यांना आणि संकल्पांना. हुरडा निदान पोटात जातो. पूर्वीचे संकल्प ठरलेले असायचे: पहाटे फिरायला जाणं, चहातली साखर सोडणं आणि रोज डायरी लिहिणं. डायरी फुकट मिळालेली असे, बँकेची नाहीतर औषध कंपनीची. ती चार जानेवारीपर्यंत नेमाने लिहिली जाई आणि पुढे वर्षभर तिच्यात दुधाचा नि इस्त्रीचा हिशेब राही. अलीकडे या मंडळींत वाचनाची भर पडली आहे. तीही ‘यंदा जरा वाचन वाढवायचंय’ अशी मोघम नाही. आकडा लागतो. बारा, चोवीस, बावन्न, शंभर. ‘मी यंदा सदतीस पुस्तकं वाचणार’ असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

यातला बारावाला माणूस साधा, पापभीरू. चोवीसवाला व्यवहारी, त्याने सुट्ट्या आणि लग्नसराई जमेस धरलेली असते. खरा धोका बावन्नवाल्यापासून. आठवड्याला एक पुस्तक, त्यात काय एवढं, असं तो एकतीस तारखेच्या रात्री गच्चीवर बटाटेवडा खाताखाता म्हणतो. वड्याचा तो परिणाम उतरेपर्यंत एक तारीख उजाडलेली असते आणि हातात कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक असतं, कारण शुभारंभ दणक्यात व्हायला हवा. बहुतेक घरांत ते ‘मृत्युंजय’ निघतं. सातशेच्या पुढे पानं. म्हणजे रोज शंभराच्या हिशेबाने कर्णाला रविवारपर्यंत संपवायचं. प्रत्यक्ष कुरुक्षेत्रावर, कृष्ण सारथ्य करत असताना, कर्णाला संपवायला सतरावा दिवस उजाडला होता.

तिसऱ्या आठवड्यात बावन्नवाल्याच्या लक्षात येतं की पुस्तकं निवडताना आपण हल्ली लेखक बघत नाही, कणा बघतो. दुकानात पुस्तक हातात घेऊन तो आधी शेवटचं पान उघडतो. लोकांना वाटतं, शेवट वाचतोय. तो पृष्ठसंख्या वाचत असतो. मराठीचं नशीब थोर म्हणून ‘रणांगण’ आणि ‘बनगरवाडी’ अशी अव्वल पुस्तकं अंगाने बारीक आहेत. विश्राम बेडेकरांनी 1939 साली ‘रणांगण’ लिहिलं तेव्हा पुढच्या शतकातल्या लोकांचा कोटा पूर्ण करण्याची सोय आपण करून ठेवतोय, याची त्यांना कल्पना नसावी. उलट नेमाड्यांची ‘हिंदू’ 2010 पासून किती घरांत उभी आहे पाहा. सहाशे पानं. या स्पर्धेत तिलाही एक गुण आणि चौसष्ट पानी कवितासंग्रहालाही एकच. लोक काय मूर्ख आहेत? एरवी कवितेकडे न फिरकणारी माणसं नोव्हेंबर-डिसेंबरात अचानक कविता वाचू लागतात, त्यामागे रसिकता असेलच असं नाही.

यात भर म्हणजे ती ॲपं. गुडरीड्सवाल्यांनी 2011 पासून हे वार्षिक आव्हान सुरू केलंय. तुम्ही आकडा घालायचा आणि ते तुमच्यावर नजर ठेवतात. ‘तुम्ही चार पुस्तकं मागे आहात’ असं ॲप सांगतं. कुणाच्या मागे, ते सांगत नाही. घरचे, ऑफिसातले आणि नातेवाईक मिळून आपण आयुष्यात कुठेकुठे मागे आहोत हे सांगायला पुरेसे असताना, विरंगुळ्यासाठी जिथे जायचं तिथेही मागेच राहावं म्हणजे कमाल झाली.

एका बाबतीत मात्र मराठी माणूस सुखी आहे. इंग्रजांच्या संकल्पाला वर्षातून एकच मुहूर्त. आपलं तसं नाही. जानेवारीचं फसलं तर 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, तेव्हा मराठी वाचनाची शपथ घेता येते. तीही फसली तर गुढीपाडवा, खरं नववर्ष तेच, जानेवारीचं काय घेऊन बसलात. मग 23 एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन. जूनमध्ये मुलांची शाळा सुरू होते तेव्हा ‘तुझ्याबरोबर मीही वाचत बसेन’ हे वचन. 15 ऑक्टोबरला कलामसाहेबांची जयंती, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांतूनसुद्धा पुस्तकं हातात दिसतात. आणि तोवर काहीच झालं नसेल तर दिवाळी अंक येतातच. इतके मुहूर्त असताना जानेवारीतच वाचून मोकळं होणं हा उतावळेपणा झाला.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत या प्रकाराने सार्वजनिक रूप घेतलं. तळमजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. निवृत्तीनंतर ताळेबंद लावायला काही उरलं नव्हतं, त्यांनी वाचनाचा लावायचं ठरवलं. व्हॉट्सॲपवर गट निघाला, एक्सेलची शीट आली, मजलावार रकाने पडले. प्रत्येकाने वर्षाचा आकडा जाहीर करायचा आणि पुस्तक संपलं की नाव, लेखक, पानं आणि ‘एका वाक्यात अभिप्राय’ लिहायचा. पहिले दोन दिवस लोकांनी गुच्छ आणि हात जोडलेली चित्रं पाठवली. तिसऱ्या दिवशी पहिला वाद उद्भवला.

दिवाळी अंक पुस्तकात धरायचा का?

हा प्रश्न वरवर साधा दिसतो. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लावली. शंभराहून जास्त वर्षांची ही पुण्याई शीटमध्ये कुठल्या रकान्यात टाकायची? दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, एकेक अंक अडीचशे पानांचा असतो, मी सहा घेते, माझे सहा धरा. त्यावर त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधले काका म्हणाले, त्यातली निम्मी पानं तर जाहिरातींची, सोन्याचांदीची आणि पतपेढ्यांची. काकू म्हणाल्या, त्याही मी वाचते. ‘आणि राशिभविष्य?’ ‘ते तर आधी वाचते.’ शेवटी मॅनेजरकाकांनी निवाडा दिला: एक अंक म्हणजे अर्धं पुस्तक, राशिभविष्य वजा जाता. काकूंनी निषेध म्हणून दोन दिवस गट सोडला.

तो वाद निवतोय तोच चौथ्या मजल्यावरच्या मुलाने स्वतःच्या नावावर एकदम सात पुस्तकं चढवली. हा हिंजवडीला नोकरीला. सकाळ-संध्याकाळ ट्रॅफिकमध्ये अडकतो तेव्हा स्टोरीटेलवर पुस्तकं ऐकतो. ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं का, यावर रात्री साडेअकरापर्यंत मतं येत होती. त्यात त्याने भाबडेपणाने सांगून टाकलं की तो दीडपट वेगाने ऐकतो. मॅनेजरकाकांनी लगेच विचारलं, ‘म्हणजे दोन तृतीयांश धरू का?’

या वादात पहिल्या मजल्यावरच्या आजींनी नातीकडून एक आवाजी निरोप पाठवला. त्या म्हणाल्या, ज्ञानेश्वर महाराजांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली. म्हणजे आधी ती लोकांनी ऐकलीच की. मग त्या मुलाचं काय चुकलं? मराठीतला सगळ्यात थोर ग्रंथ मुळात ऑडिओबुक होता, हा मुद्दा निघाल्यावर गटात शांतता पसरली. मुलाची सातच्या सात पुस्तकं मंजूर झाली.

आजी त्या गटात नावापुरत्या होत्या. त्यांनी आकडा दिलाच नव्हता. पण माझ्या मते आख्ख्या सोसायटीत ‘वाचनाचं लक्ष्य’ म्हणजे काय हे कळलेली ती एकच बाई. दत्तजयंतीच्या आधी त्या गुरुचरित्राचा सप्ताह करतात. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, अशी सात दिवसांची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आहे. ‘आज जरा कंटाळा आलाय, उद्या जास्त वाचीन’ ही सवलत नाही. जमिनीवर झोपायचं, जेवणात सात्त्विक तेवढंच, तोंडात वावगा शब्द येता कामा नये. वाचताना मध्ये उठायचं नाही, म्हणजे फोन बघायचा नाही हे ओघानेच आलं. शेवटी फलश्रुती, ‘हे पुस्तक वाचून काय मिळेल’ असं हल्लीची पुस्तकं पाठीवर छापतात ते आपल्या पोथ्या शेवटी सांगतात, म्हणजे आधी वाचा आणि मग कळेल. सप्ताह पुरा झाला की सवाष्ण-ब्राह्मण जेवायला. लक्ष्य गाठल्यावर पुरणपोळी देणारं एकही ॲप अजून निघालेलं नाही.

मॅनेजरकाकांनी आदरपूर्वक विचारलं, ‘आजी, गुरुचरित्र टाकू का तुमच्या नावावर? पण ते दरवर्षीचंच, नाही का. नियम क्रमांक पाच.’

नियम क्रमांक पाच असा होता की आधी वाचलेलं पुस्तक पुन्हा वाचलं तर धरलं जाणार नाही. या नियमाकडे परत येऊच, कारण सगळं पाणी तिथेच मुरत होतं.

त्याआधी आवडत्या पुस्तकांच्या याद्यांबद्दल बोललं पाहिजे. वर्षअखेरीला ‘तुमची आवडती दहा पुस्तकं’ हा खेळ आमच्याही गटात झाला. पुढच्या वर्षी काय वाचावं हे सगळ्यांना कळावं, हा हेतू. आलेल्या याद्या वाचून मला वाटलं की बोर्डाची परीक्षा एकाच बाकावर बसून दिलीये. मृत्युंजय, ययाति, स्वामी, कोसला, बटाट्याची चाळ. कुणी ‘श्रीमान योगी’ वर, कुणी खाली. मग एक आत्मचरित्र, एक अनुवादित आणि शेवटी, माणूस आजचा आहे हे कळावं म्हणून, पैसे कसे गुंतवावेत किंवा सवयी कशा लावाव्यात यावरचं एखादं. एकाच गृहस्थाची यादी वेगळी होती. त्यांनी दिलेल्या दहापैकी आठ पुस्तकं बाजारात मिळतच नाहीत. ‘आता कुठे मिळायची ती!’ असं त्यांनी खाली लिहिलं होतं, आणि त्यात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं. आपल्याला आवडलेलं पुस्तक दुसऱ्या कुणालाही मिळू नये यासारखं सुख नाही.

लबाडी कुणीच केली नव्हती, हे खरं. ही पुस्तकं चांगलीच आहेत आणि लोकांना आवडतातच. पण यादी करताना माणूस आवडीला आंघोळ घालून, इस्त्रीचे कपडे चढवून बाहेर आणतो. ज्या पुस्तकापायी त्याने शाळेत असताना रॉकेलच्या दिव्यात डोळे फोडून घेतले, ते यादीत कधीच नसतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्या दोन पिढ्यांनी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचल्या. एकाही यादीत अर्नाळकर नाहीत. गुरुनाथ नाईक नाहीत. सुहास शिरवळकरांचं ‘दुनियादारी’ 2013 चा सिनेमा चालल्यावर याद्यांत आलं, त्याआधी कॉलेजच्या होस्टेलांत त्याची पानं सुटेपर्यंत ते फिरत होतं तेव्हा नव्हतं.

लोकांची खरी आवड बघायची असेल तर वाचनालयात जावं. यादी नको, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेला तारखांचा कागद बघावा. आमच्या भागातल्या वाचनालयात अजून तो आहे. तपकिरी पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर पांढऱ्या रंगाने घातलेला दाखल क्रमांक, कोपऱ्याला खळीचा वास. मी एकदा सहज दोन पुस्तकं शेजारी उघडून पाहिली. एक मोठा पुरस्कार मिळालेली कादंबरी: तारखांचा शिक्का तीनदा, त्यातला पहिला आणि दुसरा एकाच महिन्यात, म्हणजे एकाच सभासदाने मुदत वाढवून घेतलेली असणार. दुसरी एक रहस्यकथा: तारखांचा कागद भरला म्हणून त्यावर दुसरा चिकटवलेला, तोही भरला म्हणून तिसरा, आणि तो भरल्यावर ग्रंथपालांनी मलपृष्ठाच्या आतल्या बाजूलाच शिक्के मारायला सुरुवात केलेली. आत बत्तिसाव्या पानावर कुणीतरी पेन्सिलने ‘खुनी डॉक्टरच आहे’ असं लिहिलं होतं. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘मेल्या, सांगितलंस कशाला’. आणि त्याखाली तिसऱ्या, जरा म्हाताऱ्या अक्षरात, ‘डॉक्टर नाही. पुढे वाचा.’ पुस्तकांवरची चर्चा यापेक्षा थोडक्यात आणि मुद्देसूद झालेली मी कुठल्याही परिसंवादात ऐकलेली नाही.

हल्ली या सगळ्याला खरेदीचा पर्याय निघालाय. पुण्यात डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो तिथे गेलात तर बघाल, लोक कापडी पिशव्या भरभरून पुस्तकं घेऊन बाहेर पडतात आणि चेहऱ्यावर ती वाचून झाल्याचंच तेज असतं. अप्पा बळवंत चौकात हे तेज दिसत नाही, तिथे माणूस गाइडं घ्यायला आलेला असतो आणि गाडी उचलून नेतील या धास्तीत असतो. पाचगणीजवळ भिलारला 2017 साली पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुठल्याही ओसरीवर बसून वाचा, कुणी काही म्हणणार नाही. फार सुंदर कल्पना आहे. आमच्या सोसायटीची सहल तिथे गेली होती. परत येताना सगळ्यांनी स्ट्रॉबेरी आणली.

तर नियम क्रमांक पाच.

हिशेबाच्या दृष्टीने तो बरोबरच होता. नाहीतर माणूस एकच ‘रणांगण’ बावन्न वेळा वाचेल. पण वर्षअखेरीला शीट बंद करायची वेळ आली तेव्हा असं दिसलं की ज्यांना वाचल्यावाचून राहवत नाही असे सगळे लोक तळाला होते. ताप आला की पांघरुणात ‘बटाट्याची चाळ’ घेऊन पडणारे मागच्या विंगमधले सर शून्यावर. 1958 पासून ते पुस्तक बाजारात आहे आणि सरांना ते तोंडपाठ आहे. पुढचं वाक्य माहीत असतं म्हणूनच ते आधी हसून घेतात. कॉलेजातली एक मुलगी ‘वपुर्झा’ कुठूनही उघडते आणि दोन पानं वाचून मिटते. ते संपलं असं कधी म्हणायचं, हाच पेच. तिलाही शून्य. सहावीतला एक पोरगा ‘फास्टर फेणे’ची एकेक गोष्ट तिसऱ्यांदा वाचत होता, त्याचीही पहिली फेरी तेवढी धरली. वर होते ते कण्याकडे बघून पुस्तकं निवडणारे. पहिल्या क्रमांकावर खुद्द मॅनेजरकाका, बावन्नपैकी बावन्न, आणि बेचाळिसाव्या पुस्तकाच्या अभिप्रायात लिहिलेलं: ‘चांगले आहे. पाने 71.’

मी त्यांना लिफ्टमध्ये गाठून विचारलं, ‘काका, या बावन्नातलं पुन्हा वाचावंसं वाटलं असं कोणतं?’

ते प्रामाणिक माणूस आहेत. दोन मजले विचार करून म्हणाले, ‘पुन्हा? वेळ कुठाय! यंदा साठ धरलेत.’

एक जानेवारीला क्लब हाऊसमध्ये नव्या नियमांची सभा झाली. चहा होता, अळूवडी होती. नियम पाच तसाच ठेवायचा यावर बहुमत होत आलं होतं, तेवढ्यात दिवाळी अंकवाल्या काकू उठल्या. हातात एक पुस्तक होतं. जिल्द गेलेली, कडा तेलकट, मधल्या पानांवर हळदीचे डाग, खुणेला कॅलेंडरचा फाटका तुकडा. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’.

‘हे माझ्या नावावर घाला,’ काकू म्हणाल्या.

‘काकू, कधी वाचलंत?’

‘लग्न झाल्यापासून रोज.’

‘हेच तर. नियम पाच. शिवाय सलग वाचलंत का? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत?’

‘सलग कोण वाचतं? आज भाजी काय करायची ते सलग येतं का?’

मॅनेजरकाका ‘तत्त्वाचा प्रश्न आहे’ असं काहीतरी म्हणत होते, पण त्यांच्या तोंडात अळूवडी होती. काकूंनी ताटलीकडे बोट दाखवलं.

‘किती खाल्लीत?’

‘चार.’

‘ती यातलीच. वाटीचं मापसुद्धा बदललं नाही.’

काकांनी लॅपटॉप पुढे ओढला, चष्मा सारखा केला आणि काकूंच्या रकान्यात एक टाकला. अभिप्राय काय लिहू, असं त्यांनी विचारलं तेव्हा काकू अळूवडीचं ताट घेऊन खिडकीकडच्या रांगेत पोचल्या होत्या.